सीआरटीचे टायमिंग लावताना: इको की ईसीजी?

सीआरटीचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या-उजव्या बाजूचे ठोके जुळवणारा तीन लीडचा (तारांचा) पेसमेकर बसवून तीन महिने झाले, लीड जागेवर आहे, पेसिंगची (यंत्राने दिलेल्या ठोक्यांची) टक्केवारीही चांगली आहे, आणि तरीही हार्ट फेल्युअरचा रुग्ण पूर्वीइतकाच धापा टाकतो आहे, अशा वेळी एव्ही डिले (एट्रियम या वरच्या कप्प्याचा आणि व्हेंट्रिकल या खालच्या कप्प्याचा ठोका यांतले अंतर) आणि व्हीव्ही डिले (दोन व्हेंट्रिकलच्या ठोक्यांतले अंतर) नव्याने लावून पाहण्याचा विचार मनात येतो. त्यासाठी इकोचा आधार घ्यावा की ईसीजीचा, हा प्रश्न परभणीत काम करताना मला अनेकदा पडला आणि दोन्ही पद्धती काही वर्षे वापरल्यावरच माझ्यापुरता सुटला.

इकोमागचा तर्क मला आजही पटतो. डाव्या एट्रियम आणि व्हेंट्रिकलमधल्या मायट्रल झडपेतून जाणाऱ्या रक्ताच्या ई (आधी आपसूक भरण्याची) आणि ए (नंतर एट्रियम आकुंचन पावल्याने भरण्याची) लाटा इकोच्या डॉप्लरवर पाहत एव्ही डिले टप्प्याटप्प्याने कमी करायचा, आणि ए लाटेचे शेपूट छाटले जाऊ लागले की एक पायरी मागे यायचे. डावे व्हेंट्रिकल पुरते भरते आहे की नाही हे इथे डोळ्यांना दिसते. ईसीजी ते दाखवू शकत नाही.

पण माझा कल बदलला तो एका दुपारी. गंगाखेडकडचे एक वयस्क शेतकरी होते. डाव्या कुशीवर त्यांना दहा मिनिटेही नीट पडवत नव्हते, त्यामुळे मुलगा पाठीला उशी लावून धरून बसला होता. सकाळी अकराला ११० मिलिसेकंद हा एव्ही डिले सर्वांत चांगला वाटला. चहा, थोडी विश्रांती, आणि दीडच्या सुमारास खात्रीसाठी पुन्हा इको केला, तर त्याच मशीनवर, त्याच हातांनी, १५० आले. मधल्या वेळात नाडी थोडी वाढली होती, ई आणि ए एकमेकींत मिसळत होत्या, श्वासागणिक लाटांची उंची बदलत होती. कारणे सापडली, पण आकडा सापडला नाही. मुलाने विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, सकाळचं बरोबर का आताचं?’’ छत्रपती संभाजीनगरहून प्रोग्रामर (पेसमेकरची सेटिंग बदलण्याचे यंत्र) घेऊन आलेला कंपनीचा माणूस घड्याळ पाहत होता, आणि माझ्याजवळ प्रामाणिक उत्तर नव्हते. हे पुढेही इतक्यांदा घडले की दोष केवळ माझ्या हाताचा असावा असे मला वाटत नाही, अर्थात अधिक सरावलेल्या हातांचा अनुभव वेगळा असू शकेल.

ईसीजीत डावे व्हेंट्रिकल आधी, दोन्ही एकत्र, उजवे आधी असे २०-२० मिलिसेकंदांच्या फरकाने व्हीव्ही डिले बदलायचे, प्रत्येक वेळी ईसीजीच्या बाराही लीडची पट्टी काढायची आणि सर्वांत अरुंद क्यूआरएस (व्हेंट्रिकलच्या ठोक्याची खूण) निवडायचा. कागदाची गती सेकंदाला ५० मिलिमीटर ठेवावी आणि मोजणी प्रत्येक पट्टीवर एकाच ठिकाणापासून सुरू करावी, नाहीतर इथेही आकडे फसवतात. एलबीबीबी (डाव्या बाजूच्या विद्युतवाहिनीतला अडथळा) असून पीआर (एट्रियमपासून व्हेंट्रिकलपर्यंत लहर पोहोचण्याचा वेळ) ठीक असेल, तर एव्ही डिले थोडा वाढवून उजव्या बाजूचे नैसर्गिक वहन मिसळू दिल्यास क्यूआरएस आणखी आवळतो. मात्र फार वाढवल्यास पेसिंग नावापुरतेच उरते आणि यंत्राचा काउंटर तरीही ते पेसिंग म्हणूनच मोजतो. चालताना पीआर आखडतो, म्हणून रुग्णाला व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावून मी आणखी एक पट्टी काढतो.

कंपन्यांच्या स्वयंचलित गणितांबद्दल थोडक्यात एवढेच, की २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट-एव्ही चाचणीत ९८० रुग्णांमध्ये तसे एक गणित, इको आणि सरसकट १२० मिलिसेकंद यांत सहा महिन्यांनी डाव्या व्हेंट्रिकलच्या आकारमानात फरक दिसला नाही. त्यामुळे ज्याला बरे वाटते आहे त्याचे टायमिंग मी उगाच हलवत नाही.

ईसीजीतील पी लाट (एट्रियमची लाट) फार रुंद असेल, म्हणजे डाव्या एट्रियमपर्यंत विद्युतलहर उशिरा पोहोचत असेल, तर मी अजूनही इको करतो. बाकीच्यांच्या फायलीत डिले आणि तारीख लिहिलेली जुनी-नवी पट्टी शेजारी शेजारी चिकटवून देतो. रुग्ण पुढच्या वेळी नांदेडला दाखवायला गेला, तरी तिथल्या डॉक्टरांना मी काय बदलले आणि का, हे मला फोन न करता कळते.