निळ्या रेषांखालचा समुद्र : ‘टोपोव्ह्यू’वरील ग्लेशियर बेचे जुने नकाशे

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरील ग्लेशियर बे हा निर्जन, हिमनद्यांनी कोरलेला प्रदेश ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची ‘टोपोव्ह्यू’ ही सेवा अवश्य वापरावी. खात्याने १८८४ ते २००६ या काळात काढलेले स्थलदर्शक नकाशे येथे विनामूल्य मिळतात. त्यांची जिओटिफ प्रत अक्षांश-रेखांशांसह येत असल्यामुळे ती आजच्या उपग्रहचित्रावर नेमकी बसवता येते, आणि माझ्या मते सेवेचे खरे मोल याच सोयीत आहे.

एका इंचात एक मैल दाखवणारे, म्हणजे १:६३,३६० प्रमाणाचे नकाशाचे पत्रक मोठे करून पाहावे. डोंगरउतारावरून तपकिरी रंगात येणारी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, हिमनदीच्या काठाशी निळी होते आणि बर्फ ओलांडून पलीकडच्या उतारावर पुन्हा तपकिरी होते. म्यूर हिमनदीचे मुख १९४१ ते २००४ या काळात १२ किलोमीटरहून अधिक मागे हटले असल्याने, जुन्या पत्रकावर अशा निळ्या रेषा जिथे दाटलेल्या दिसतात, तिथे उपग्रहचित्रात आता खाऱ्या पाण्याची खाडी आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी येथे आला, तेव्हा तर बर्फाची भिंत उपसागराच्या मुखाजवळच उभी होती. येथील हूना त्लिंगिट लोकांनी या जागेला दिलेल्या नावाचा अर्थच ‘हिमनदीच्या जागी आलेला उपसागर’ असा आहे. इतके नेमके वर्णन मला कोणत्याही पत्रकावर आढळले नाही.

बाहेरच्या, खुल्या समुद्राकडील किनाऱ्यावरच्या लिटुया बे या उपसागराचे पत्रकही सावकाश वाचण्यासारखे आहे. जुलै १९५८ च्या भूकंपात कडा कोसळून उसळलेले पाणी समोरच्या डोंगरसोंडेवर १,७२० फुटांपर्यंत चढले. नकाशावरील उंची फुटांतच असल्यामुळे पाण्याच्या कडेपासून एकेक समोच्च रेषा मोजत तिथवर जाता येते, आणि त्या आकड्याचा अर्थ तेव्हा कुठे मनात उतरतो.

मात्र पत्रकावरील वर्ष म्हणजे मोजणीचे वर्ष असे गृहीत धरू नये. हवाई छायाचित्रे केव्हा घेतली आणि दुरुस्ती केव्हा झाली, हे तळाच्या समासात पाहिल्याशिवाय दोन आवृत्त्यांची तुलना करू नये. शिवाय बर्फाचा भार उतरल्यामुळे येथील काही जमीन वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर वर येत आहे, त्यामुळे जुनी किनाररेषा आजच्या नौकानयनासाठी किंवा पायी भटकंतीसाठी मुळीच वापरू नये.