कुरणावरच्या गाईंचं दूध: आठ महिन्यांनंतर, पाचपैकी चार तारे

बाटली रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की सकाळी मानेपाशी दोन बोटं जाड पिवळसर थर धरतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा दूध नासलं समजून मोरीत ओतायला निघाले होते. मलई होती ती! होमोजिनाइज केलेल्या दुधात स्निग्धांशाचे कण फोडून बारीक केलेले असतात, म्हणून ते असे वर येत नाहीत. इथे दूध फक्त गाळतात आणि गार करतात. पिवळेपणा हिरव्या गवतातल्या कॅरोटीनचा. गाई सुक्या चाऱ्यावर आल्या तेव्हा तोच थर फिका पडला, लोणीही कडक निघायला लागलं.

गोठा एका कुटुंबाचा घरचाच, नऊ गाई. रतीब लावण्याआधी मी धार काढताना बघायला गेले. त्यांनी आढेवेढे न घेता बघू दिलं, तिथेच माझं अर्धं समाधान झालं. प्रत्येक गाईची कास पुसायला वेगळं फडकं. सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या वाटीत घेऊन गुठळ्या दिसतात का बघायच्या (दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली असेल तर इथेच कळतं) आणि वाटी बाहेर ओतायची. गाळलेलं दूध लगेच बर्फाच्या पाण्यातल्या किटलीत. घरातली सून थर्मामीटर धरून उभी, चार अंश दिसल्याशिवाय बाटल्या भरू देईना.

एकदा मात्र दुधाला उग्र, कांद्यासारखा वास आला. फोन केला तर लपवाछपवी नाही. कुरणाच्या एका कोपऱ्यात तसल्याच वासाचं तण माजलं होतं. आता धारेच्या तीन-चार तास आधी गाई तिथून हलवतात. वास गेला.

एवढं असूनही मी ते कच्चं पीत नाही. मालकांना हे फारसं रुचत नाही, पण गाय ठणठणीत असली तरी शेणातून ई. कोलाय हा जंतू दुधात उतरू शकतो, आणि क्षय-ब्रुसेलाच्या (दुधातून माणसालाही होऊ शकणारे गाईंचे रोग) तपासणीचा कागद त्या तपासणीपुरताच खरा. घरात लहान मूल आहे. 63 अंशांवर 30 मिनिटं, मंद आचेवर, ढवळत. कंटाळवाणं काम आहे, पण खळखळून उकळल्यावर येते तशी चव येत नाही.

एक तारा कापला तो झाकणांसाठी. दोनदा पिशवीभर दूध सांडलं. नागाही पडतो; एका गाईला प्रतिजैविक दिलं तेव्हा तिचं दूध ठरलेले दिवस वेगळं काढून टाकलं आणि आमच्या वाट्याला निम्म्याच बाटल्या आल्या. त्याबद्दल मात्र तक्रार नाही.

सध्या दोन गाई आटल्यात, त्यामुळे नवीन रतीब घेत नाहीत. नाव तेवढं वहीत लिहून ठेवतात.