चोरानेच शिकवला आमचा स्पॅम फिल्टर

२०२४च्या दिवाळीआधी आमच्या मशीन शॉपचे चार लाखांच्या आसपास पैसे भलत्याच खात्यात गेले. 'अनोळखी लिंक दाबू नका' हा सल्ला इथे कामाला आला नसता. लिंक नव्हतीच.

ऑफिसात मेलसाठी आम्ही थंडरबर्ड हा प्रोग्राम वापरतो. त्यातला जंक फिल्टर आपणच शिकवायचा असतो: नको असलेल्या मेलवर 'जंक'ची खूण करायची, चुकून अडकलेला मेल 'जंक नाही' म्हणून सोडवायचा. २००२ मध्ये प्रोग्रामर पॉल ग्रॅहमच्या लेखाने लोकप्रिय केलेली, बेज या गणितज्ञाच्या संभाव्यतेच्या गणिताची ही पद्धत. कुठला शब्द चांगल्या मेलांत किती वेळा आला आणि कचऱ्यात किती वेळा, यावरून फिल्टर अंदाज बांधतो. मेलचा अर्थ त्याला कळत नाही.

चोराचा पहिला मेल फिल्टरने बरोब्बर जंकमध्ये टाकला होता. मग फोन आला. कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीचं नाव, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, रक्कम, सगळं अचूक. "बिल पाठवलंय साहेब. आमचे मेल हल्ली स्पॅममध्येच पडतात. तेवढं जंकमधनं काढा आणि पत्ता सेव्ह करून ठेवा, म्हणजे पुढं कटकट नको." अकाउंट्सच्या पोराने तसं केलं. ॲड्रेस बुकातल्या माणसाला जंक समजू नये अशी एक सेटिंग असते, ती आमच्याकडे चालू होती. झालं! पुढचे मेल थेट इनबॉक्सात.

त्या मेलांखाली आमचाच खरा जुना पत्रव्यवहार जोडलेला, कारण फाउंड्रीचा मेलबॉक्स आधीच फुटला होता. पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. बारीक अक्षरात ओळखून दाखवा. शेवटच्या मेलात मजकूर एवढाच, की जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, आरटीजीएस या नव्या खात्यावर करा.

तेव्हा खाते क्रमांक बरोबर असला की पैसे जात, नाव ताडलं जात नसे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५पासून बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायची आहे. ती वापरा. खातं बदलल्याचं कुणी कळवलं तर आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन लावा, मेलातल्या नंबरावर चोरच बोलेल.

फाउंड्रीच्या खऱ्या मालकांनी "पेमेंटचं काय झालं?" विचारलं तेव्हा उलगडा झाला. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. थोडी रक्कम गोठवली गेली, बाकीची तोवर पुढे सरकली होती.

ॲड्रेस बुकातून चोराचा नुसता पत्ता काढून भागत नाही. त्याच्या मेलांतले शब्द फिल्टरच्या वहीत 'चांगले' म्हणून जमा असतात. आम्ही ट्रेनिंग डेटा रीसेट केला. मग काही काळ कर्जाच्या जाहिराती धो धो इनबॉक्सात, आणि पोरगा सकाळी सकाळी निवडत बसलेला.

फाउंड्रीवाल्यांनी पासवर्ड बदलला होता. पण येणारा प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड करणारा नियम चोराने त्यांच्या सेटिंगमध्ये घालून ठेवला होता. तो त्यांना बऱ्याच उशिरा सापडला.