ट्रॅप शॉटगन क्लिनिक: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

कोल्हापुरात नेमबाजी म्हटलं की तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पण ही सगळी मंडळी रायफल-पिस्तूलवाली. ट्रॅपमध्ये शॉटगननं उडती चकती फोडतात. ते शिकायचं म्हणून मी जानेवारीत परगावी दोन दिवसांचं क्लिनिक (प्रशिक्षण शिबिर) केलं. आता आषाढ लागलाय, नवलाई ओसरलीय, म्हणून लिहितोय.

चकती 110 मिलिमीटरची, म्हणजे चहाच्या बशीपेक्षा लहानच. समोर पंधरा मीटरवरच्या खंदकातून ती कुठल्या बाजूला सुटेल ते आधी कळत नाही. पहिल्या फेरीत 25 पैकी 5 फुटल्या. मागे उभे असलेले कोच म्हणाले, "सगळे बार डावीकडे जातायत. तुमचा कुठला डोळा चालतो?" मला ठाऊकच नव्हतं! हात लांब करून दोन्ही पंजांत छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळ्यांनी लांबचा खांब त्यात धरायचा आणि एकेक डोळा मिटून बघायचं. उजवा मिटला तरी खांब जागेवरच. म्हणजे खांदा उजवा, डोळा डावा. चष्म्याच्या डाव्या काचेवर बाहुलीसमोर नखाएवढी चिकटपट्टी लावली आणि पुढच्या फेरीत 11. ही तपासणी घरच्या गच्चीवर फुकटात झाली असती. मी पंचवीस काडतुसं जाळून केली.

तक्रार एकच, पण मोठी. एका कोचमागे आम्ही अकरा जण, आणि काडतुसांचे पैसे फीमध्ये नाहीत हे तिथं गेल्यावर कळलं. रांगेत थांबून थांबून वैताग आला. मग इतरांच्या बंदुकांच्या नळ्या बघत बसलो. बहुतेकांची नळी ऐन बार काढताना थांबते आणि छर्रे चकतीच्या मागून जातात. माझीही थांबत होती, फक्त मला ती दिसत नव्हती.

कानाला मफ आणि आत प्लगही हवेत. खिशाचा शर्ट मात्र घालू नका. माझ्या खिशाच्या बटणावर बंदुकीचा दस्ता बसत होता, आठवडाभर तिथं निळं वर्तुळ होतं.

खरा फायदा घरी आल्यावर झाला. परवाना नाही, बंदूक नाही. मग सुताराकडून लाकडी दस्ता कापून घेतला, पुढं पाइप बसवला, पाइपच्या तोंडात पेन-टॉर्च. रात्री दिवा घालवून भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून उजेडाचा ठिपका सरकवायचा आणि सरकवता सरकवताच दस्ता गालाला आणायचा. गाल खाली न्यायचा नाही. ठिपका रेषेवरून सुटला की परत पहिल्यापासून. रोज पन्नास वेळा. पहिल्या रात्री आई दारात येऊन म्हणाली, "पाल शोधतोयस होय रं?"

जूनमध्ये त्याच रेंजवर एक फेरी मारली, 25 पैकी 16. चिकटपट्टी अजून काचेवर आहे. दिवाळीनंतर परत क्लिनिकला जायचंय, पण या वेळी पैसे भरायच्या आधी फोन करून विचारणार, एका कोचमागे किती जण, आणि काडतुसं कुणाची.