बँकॉकमधील चाओ फ्राया नदीवरची बोटसेवा : एक अभिप्राय

बँकॉकमध्ये रस्त्यावरील वाहतूक कोंडीत अडकण्यापेक्षा नदीमार्गे जाणे कितीतरी सोयीचे आहे, आणि त्यासाठी चाओ फ्राया नदीवरील नारिंगी झेंड्याच्या बोटीला माझी पहिली पसंती राहील. सफान ताक्सिन या स्कायट्रेन स्थानकातून उतरल्यावर साथोर्न धक्का अगदी लगतच लागतो. तेथून ता तियेनला उतरले की वाट फो मंदिर आणि पुढच्या ता चांग धक्क्यावरून ग्रँड पॅलेस, दोन्ही चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. अंतर कितीही असले तरी तिकीट एकच, म्हणजे मी गेलो तेव्हा १६ बाट होते.

निळ्या झेंड्याची पर्यटक बोट याहून महाग असते. तिच्यात इंग्रजी निवेदन आणि ऐसपैस जागा मिळते. पण केवळ मंदिरे गाठायची असतील तर तो खर्च मला अनाठायी वाटतो.

नारिंगी बोटीत तिकीट देणारी बाई लांबट धातूची नळी खुळखुळवत गर्दीतून वाट काढते आणि त्याच नळीत सुटे पैसेही ठेवते, त्यामुळे मोठी नोट पुढे करू नये. बोट धक्क्याला जेमतेम टेकते. मागे उभ्या खलाशाच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागताच उतरणाऱ्यांनी दाराशी यावे, हे उत्तम. सामान जड असेल किंवा सोबत वृद्ध मंडळी असतील, तर ही चपळाई अवघड जाते. भिक्खूंसाठी राखलेली जागा मोकळी दिसली तरी तेथे उभे राहू नये. संध्याकाळी सातच्या सुमारास फेऱ्या आटोपत असल्याने परतीची वेळ आधीच विचारून घ्यावी.