जुनी टू-स्ट्रोक जेट स्की: ऑइल पंप ठेवायचा की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं?

बडोद्याच्या उन्हात वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडखाली पडलेल्या जेट स्कीत इंजिनाला ऑइल पुरवणारा पंप सहसा शाबूत असतो. दगा देतात त्या नळ्या. पातळ ऑइल-नळी कडक होते, टोकाशी चिरते, हवा ओढते. ऑइल तुटलं की पिस्टन जाम.

पंप ठेवायचा असेल तर सगळ्या नळ्या, क्लिपा आणि ऑइल फिल्टर नवे घाला. पंपाचा ब्लीड स्क्रू (आतली हवा सोडायचा) सैल करा, बुडबुडे थांबून नुसतं ऑइल आलं की घट्ट करा. थ्रॉटलची केबल ओढून पंपाच्या लिव्हरवरची खूण जुळते का तेही बघा. पेट्रोलच्या पहिल्या टाकीत तरीही 50:1 मिश्रण (50 भाग पेट्रोल, 1 भाग ऑइल) भराच. पंप ठेवण्याचा फायदा? आयडलला ऑइल कमी जातं, म्हणून धूर कमी, प्लगही लवकर काळे होत नाहीत.

मिसळायचं तर हिशेब सोपा: लिटरला 20 मिली, 5 लिटरला 100. पंप काढून त्या जागी झाकणाची प्लेट लावा, ऑइलच्या नळ्या जोडायच्या निपल बंद करा. ऑइल मात्र टीसी-डब्ल्यू3 (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचा दर्जा) किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच. घाईत साधं पेट्रोल भरलं गेलं की संपलं, तेव्हा कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सी-डू कंपनीच्या जेट स्कीच्या रोटरी व्हॉल्व्ह (इंजिनात जाणारी वाट उघडझाप करणारी फिरती चकती) इंजिनात एक मेख आहे. ऑइलच्या टाकीतून व्हॉल्व्हच्या शाफ्टला जाणाऱ्या जाड नळ्या वेगळ्या. पंप काढला तरी त्या आणि टाकीतलं ऑइल ठेवावंच लागतं. अशा गाडीत पंप काढून फारसं काही वाचत नाही; नळ्याच बदला.