देखणी जाहिरात की अशुद्ध मेसेज: रीसेल फ्लॅटसाठी आधी कुठल्या एजंटला फोन करावा

कोथरूडमध्ये रीसेलचा टू बीएचके शोधायला लागलं की आठवड्याभरात दोन तऱ्हेच्या जाहिराती समोर येतात. पोर्टलवरची अशी: ‘प्रशस्त, हवेशीर, प्राइम लोकेशन, मेट्रोपासून 5 मिनिटं, एरिया 910, किंमत 85 लाख’, सोबत बारा उजळ फोटो. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली अशी: ‘कोथरुड 2बीएचके. कारपेट 650 बालकनी धरुन. 3रा मजला, लिप्ट नाही. ओपन पार्कीग. मेंटेनस 2200. कन्वेयन्स झाल नाही. 85, थोड कमी होईल. चावी आपल्याकडे.’

या दोन्ही जाहिराती एकाच फ्लॅटच्या असू शकतात, कारण रीसेलचा फ्लॅट बहुधा तीन-चार एजंटांकडे एकदम दिलेला असतो. शुद्धलेखन बघितलं तर दुसऱ्या एजंटला कुणी दारात उभं करणार नाही. तरी माझं झुकतं माप त्यालाच आहे, आणि ते झुकलं एका शब्दामुळे: ‘एरिया’.

910 म्हणजे काय, हे पहिला एजंट लिहीत नाही. हा सेलेबल आकडा असतो, म्हणजे कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) 650 चौरस फूट आणि त्यावर जिना, पॅसेज वगैरेचं 40 टक्के लोडिंग. 85 लाखांना 910 ने भागलं की फुटाचा भाव साधारण 9,340 येतो आणि स्वस्त वाटतो. 650 ने भागलं की तोच भाव 13,075 च्या पुढे जातो. फोनवर ‘कार्पेट किती?’ विचारलं की उत्तर येतं, ‘सर, व्हिजिटला या, मग बोलू.’ मला सर्वांत खटकलं ते हेच. एका आकड्यासाठी अर्धा रविवार घालवून तिथवर जायचं, आणि घर आपल्या कपाटालाही पुरणार नाही हे दारात उभं राहिल्यावर कळायचं.

दुसऱ्याच्या ‘बालकनी धरुन’ या दोन शब्दांची किंमत खरेदीला बसल्यावर कळते. मोफा या महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट कायद्याखालच्या करारांत कार्पेटमध्ये बाल्कनी धरलेली असायची. रेरा या नव्या, बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती वगळतात, आतल्या भिंती मात्र धरतात. म्हणून दोन फ्लॅट ‘कार्पेट 650’ असले, तरी एकातल्या खोल्या दुसऱ्यापेक्षा 50–60 फुटांनी लहान निघू शकतात. हा फरक कुणी न विचारता लिहिणाऱ्या माणसाने सहसा व्यवहार शेवटपर्यंत नेलेले असतात.

आकडा तपासायचा तर मालकाच्या खरेदीचा इंडेक्स 2, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, मागावा. त्यात क्षेत्र बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.764 ने गुणावं. 60.39 आलं तर ते 650 फूट. पण आकड्याशेजारचा शब्द वाचायला विसरू नये. जुन्या दस्तात तिथे ‘बिल्टअप’ लिहिलेलं असतं, आणि त्यात बाहेरच्या भिंती आल्या. प्रत्यक्ष जाल तेव्हा टेप घेऊन प्लास्टर ते प्लास्टर मोजावं. खोल्यांची बेरीज रेरा कार्पेटपेक्षा 25–40 फुटांनी कमी भरली तर फसवणूक समजू नये, तेवढी जागा आतल्या भिंतींनी घेतलेली असते.

फोटोंच्या बाबतीत पहिला एजंट सरस आहे, हे मान्य. तुम्ही बंगळुरूला किंवा परदेशात बसून शोधत असाल तर बारा फोटोंचा मोठा आधार असतो. मात्र वाइड अँगलमध्ये दहा फुटांची खोली चौदाची दिसते. त्यावर उपाय फरशीत आहे. व्हिट्रिफाइड टाइल बहुधा 2 फुटी असते, म्हणून फोटोत भिंतीलगतच्या टाइल मोजाव्यात. पाच भरल्या तर भिंत दहा फुटांची. आणि कुठला फोटो नाही, तेही बघावं. हॉलचे पाच आणि बाथरूमचा एकही नसेल, तर वरच्या मजल्यावरून गळतंय का, हा प्रश्न जाण्याआधीच विचारावा.

‘मेट्रोपासून 5 मिनिटं’ हे 2022 मध्ये वनाझची मेट्रो सुरू झाल्यापासून जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतं. चालत पाच मिनिटं म्हणजे सुमारे 400 मीटर. नकाशावर अंतर त्याच्या दुप्पट निघालं, तर ती वेळ दुचाकीची धरावी.

मला दुसऱ्या मेसेजमधली सर्वांत मोलाची ओळ वाटते ती ‘कन्वेयन्स झाल नाही’. म्हणजे जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. पुढे पुनर्विकासाची बोलणी निघाली की आधी मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या, मागे लागावं लागेल. लिफ्ट नाही, पार्किंग उघड्यावर, कन्व्हेयन्स बाकी. भाव पाडणाऱ्या या तीन गोष्टी ज्याने आपणहून लिहिल्या, त्याच्याशी बोलताना बाकीचं खोदून काढावं लागत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

अर्थात प्रत्येक अशुद्ध मेसेज खरा नसतो. पुष्कळदा तो दुसऱ्याचाच पुढे ढकललेला असतो, आणि मग मधले दोन-तीन जण ब्रोकरेज मागतात. ‘चावी आपल्याकडे’ खरं आहे का, हे दोन प्रश्नांत कळतं: स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, आणि पाणी किती वाजता येतं? दोन्हींना ‘विचारून सांगतो’ म्हणाला, तर चावी त्याच्याकडे नाही. ब्रोकरेज एक टक्का की दोन, त्यावर 18 टक्के जीएसटी लागणार का, हे फ्लॅट बघण्याआधी मेसेजवर लिहून घ्यावं. या बाबतीत पोर्टलवाले जास्त नीटनेटके असतात, पावतीही देतात.

रेराचा नंबर नसल्यामुळे जुन्या सोसायटीतला फ्लॅट संशयास्पद ठरत नाही, कारण 2017 आधी पूर्ण झालेल्या इमारतीला प्रकल्प नोंदणीच नसते. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत मात्र नंबर आणि क्यूआर कोड नसेल तर तिथेच थांबावं.

पोर्टलवरचाच फ्लॅट मनात भरला असेल, तर फोन न करता एवढाच मेसेज टाकून बघा: ‘कार्पेट किती, बाल्कनी धरून की सोडून? इंडेक्स 2 चा फोटो पाठवा.’ संध्याकाळपर्यंत फोटो आला तर रविवारी खुशाल जा. ‘व्हिजिटला या’ एवढंच आलं तर दुसऱ्याला फोन लावा.